मधल्या दोन तारा

आमच्या भावंडांत एक भांडण वीस वर्षांहून जास्त काळ चाललंय आणि ते मिटावं असं कुणालाच वाटत नाही.

२००२ चा जानेवारी, शनिवारची संध्याकाळ. जॅक्सन हाइट्सहून महिन्याचं वाणसामान घेऊन आम्ही रूझवेल्ट अव्हेन्यू स्टेशनच्या फलाटावर एफ गाडीची वाट बघत होतो. तूरडाळीची मोठी पिशवी काकांच्या खांद्यावर, जाड्या पोह्यांची पाकिटं ताईकडे, आजीची सुपारी माझ्या कोटाच्या खिशात. फलाटाच्या पार टोकाला दोन कृष्णवर्णीय मुलं व्हायोलिन वाजवत होती. अंगात फुगीर जाकिटं, डोक्यावर लोकरी टोप्या, समोर उघडी ठेवलेली व्हायोलिनची पेटी. एक जण लांब सूर ओढत होता आणि दुसरा गज तारांवर आपटून असे ठोके देत होता की लोक चालता चालता पावलं बदलत होते. गाडी आली नि गेली, काका हलले नाहीत. दुसरीही गेली. तिसरीच्या वेळी काकूंनी दंडाला धरून ओढलं, तेव्हा त्यांनी खिशातली एक नोट काढून पेटीत ठेवली आणि एक शब्द न बोलता डब्यात चढले.

दादा म्हणतो, ती मुलं म्हणजे तूरी आणि डेमियन एस्कोबार. ताई म्हणते, शक्यच नाही, ती दोघं त्यांच्यापेक्षा लहान होती. मी कधी दादाच्या बाजूला असते, कधी ताईच्या. छोटा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला फक्त पेटीच्या आतलं निळं मखमल आठवतं, पण ते तो अगदी ठामपणे सांगतो.

एस्कोबार बंधू आमच्याच क्वीन्सचे, जमैका भागात वाढलेले. शाळेत व्हायोलिन शिकले, पुढे जुलियार्डमध्ये शिकले आणि सबवेत वाजवत मोठे झाले. ‘नटिन बट स्ट्रिंग्ज’ या नावानं २००६ साली त्यांचा पहिला अल्बम आला, ‘स्ट्रगल फ्रॉम द सबवे टू द चार्ट्स’. दोन व्हायोलिनं आणि खाली हिप हॉपचा ठेका. आमच्या घरात त्या अल्बमला जी जागा मिळाली ती का मिळाली, हे सांगायचं तर आधी घर सांगायला हवं.

हिलसाइड अव्हेन्यूच्या जवळच्या एका गल्लीत आमचं दुमजली घर होतं. वर काका-काकू, दादा आणि ताई. खाली आई-बाबा, मी आणि छोटा. आजी दोन्हीकडची. रविवारी न्यू जर्सीहून आत्या छकुलीला घेऊन यायची आणि मग आम्ही पाच जण व्हायचो. मी नऊ वर्षांची असताना, १९९४ मध्ये, आम्ही सांगलीहून आलो. काका आमच्या आधी बारा वर्षं आलेले. शहराच्या सबवेत ते सिग्नलचे इंजिनिअर होते. रात्रपाळी करून सकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि झोपण्याआधी अर्धा तास व्हायोलिन वाजवायचे.

आमच्या पिढीच्या कानात घर म्हणून जो आवाज बसलाय तो हा. काका सतरंजीवर मांडी घालून बसायचे, उजवा पाय थोडा पुढे. व्हायोलिनचं वळणदार डोकं त्या पायाच्या घोट्यावर टेकवलेलं, दुसरं टोक छातीशी. हिवाळ्यातही उजव्या पायात मोजा नसायचा, कारण लाकूड घसरतं. गजाला राळ लावताना पांढरी धूळ उडायची आणि खिडकीच्या उन्हात ती तरंगताना दिसायची. शाळेची तयारी करता करता आम्ही तोडी ऐकायचो, ती तोडी आहे हे कळण्याच्या कितीतरी आधी.

सांगलीत त्यांनी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा विशारदपर्यंत दिल्या होत्या. येताना आणलेल्या कॅसेटांत दोन जोग होते. एक पंडित व्ही. जी. जोग. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईशी त्यांच्या व्हायोलिनची जुगलबंदी काकांना तोंडपाठ होती. दुसरे प्रभाकर जोग, ‘गाणारं व्हायोलिन’वाले. गीतरामायणाच्या कार्यक्रमांत बाबूजींना साथ करणारे. त्या कॅसेटवर गाणारं कुणी नव्हतं, पण आजी स्वयंपाकघरातून प्रत्येक ओळीचे शब्द पुरवायची. तिच्या तोंडून ती गाणी आम्हाला आली. काका म्हणायचे, ‘साहेब उभ्यानं वाजवायचा हे वाद्य. आपण त्याला खाली बसवलं, आणि मग ते गायला लागलं.’

दादा सहावीत गेला तेव्हा शाळेच्या वाद्यवृंदात त्याला व्हायोलिन मिळालं. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत व्हायोलिन मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. १९७५ साली शहराची तिजोरी रिकामी झाली तेव्हा शाळांतले संगीतशिक्षक मोठ्या संख्येनं कमी झाले, आणि त्यानंतर कितीतरी शाळांत गाण्याचा तास म्हणजे वेळापत्रकातली एक रिकामी चौकट होऊन बसला. ईस्ट हार्लेममध्ये रॉबर्टा ग्वास्पारी या शिक्षिकेनं आपला व्हायोलिनचा वर्ग वाचवण्यासाठी १९९३ मध्ये थेट कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला, आणि आयझॅक स्टर्न, इट्झॅक पर्लमन यांच्यासारखे वादक तिच्या मुलांबरोबर उभे राहिले. तिच्यावरचा मेरिल स्ट्रीपचा ‘म्युझिक ऑफ द हार्ट’ आम्ही भाड्यानं कॅसेट आणून पाहिला तेव्हा काकू पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. ‘आपल्या पोराला सुखासुखी मिळालंय, जपायला सांगा त्याला,’ एवढंच त्या काकांना म्हणाल्या.

जपण्यावरूनच पहिली अडचण झाली. शाळेचं व्हायोलिन जाड्या तारेपासून बारीक तारेपर्यंत जी, डी, ए, ई असं लावलेलं. काका पांढरी दोनला सा धरायचे आणि प-सा-प-सा लावायचे. पहिल्याच रात्री त्यांनी दादाच्या खुंट्या पिरगाळल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत दादाचा प्रत्येक तिसरा सूर भलतीकडे. शिक्षिकेनं वाद्य हातात घेतलं, तारा छेडल्या, पुन्हा जुळवून परत दिलं. संध्याकाळी काकांनी पुन्हा फिरवलं. असं आठवडाभर चाललं. शेवटी घरात नियम झाला: रात्री जेवणानंतर काकांची जुळवणी, सकाळी दप्तर भरताना शाळेची.

खुंट्या फिरवायचं काम माझ्याकडे असायचं, कारण दादाला उशीर झालेला असायचा. त्यामुळे एक गोष्ट माझ्या बोटांना आधी कळली. चारांपैकी दोनच तारा हलवाव्या लागायच्या. डी म्हणजे काकांचा सा. ए म्हणजे त्यांचा पंचम. त्या मधल्या दोन तारा रात्री जिथे असायच्या तिथेच सकाळीही असायच्या. फक्त कडेची जाडी तार जीवरून चढवून ए करायची आणि कडेची बारीक तार ईवरून उतरवून डी करायची. तुटायच्या त्याही कडेच्याच. मधल्या दोघी वर्षानुवर्षं टिकल्या.

तळघर मात्र वेगळं राज्य होतं. बॉयलर, पिठाच्या गोणी, उन्हाळ्यात करून ठेवलेल्या मसाल्यांचे डबे, एक उसवलेला सोफा आणि दादाचा दोन स्पीकरांचा टेपरेकॉर्डर. हॉट नाइन्टी-सेव्हन स्टेशन लावायचं आणि आवडतं गाणं लागलं की रेकॉर्डचं बटण दाबायचं. हिप हॉप ब्रॉन्क्समध्ये जन्मलं. ऑगस्ट १९७३ मध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवर ठेका लांबवला, तिथून त्याची सुरुवात मानतात. पण आम्हाला ते आमच्या बसमार्गावरचं वाटायचं. रन-डीएमसी हॉलिसचे. एलएल कूल जे सेंट ऑल्बन्सचा. ट्राइब कॉल्ड क्वेस्टही तिकडचेच. नास क्वीन्सब्रिजचा, आणि पुढे फिफ्टी सेंट आला तो साउथ जमैकाचा. गाण्यात जे रस्ते येत त्यांतल्या काहींवर आम्ही दूध आणायला जायचो.

आजी तळघरात मसाले बघायला आली की थबकून ऐकायची. ‘एवढ्या घाईनं काय सांगतोय गं तो?’ असं विचारायची. दादा तिला मराठीत समजावायचा: त्याच्या घराचं भाडं थकलंय, भावाला पोलिसांनी धरलंय, आई दोन ठिकाणी कामाला जाते. आजी मान हलवायची. ‘मग सांगू दे,’ म्हणायची, आणि आवाज कमी करायला सांगायला आलेली ती तशीच वर जायची.

३० ऑक्टोबर २००२ ला रन-डीएमसीच्या जॅम मास्टर जेला जमैकातल्या त्याच्या स्टुडिओत कुणीतरी गोळ्या घातल्या. आमच्या घरापासून ती जागा फार लांब नव्हती. दादा दोन दिवस नीट जेवला नाही. त्या वर्षी पाच दिवसांनी लक्ष्मीपूजन होतं. पायऱ्यांवर पणत्या मांडताना आजीनं एक पणती जास्त काढली, तेल घातलं आणि दादाच्या हातात दिली. ‘तुझ्या त्या वाजवणाऱ्यासाठी,’ म्हणाली. सगळ्यांत खालच्या पायरीवर, रस्त्याच्या अगदी कडेला त्यानं ती ठेवली. आमच्यापैकी कुणालाही त्या दिवाळीचा फराळ आठवत नाही, ती पणती सगळ्यांना आठवते.

तळघरात आम्ही एक गोष्ट लपून करायचो. दादानं कुणाकडून तरी जुनं ड्रम मशीन घेतलं होतं. त्याची चार-पाच बटणं बसलेली होती. ठेका ताई लावायची, छोटा तोंडानं टक-टिक करायचा, छकुली आणि मी हातानं ताल धरायचो आणि दादा शाळेचं व्हायोलिन त्यावर सोडायचा. कधी वाद्यवृंदात शिकवलेलं बाखचं, कधी काकांच्या तोडीचा तुकडा. ते आम्हाला अतिशय आवडायचं आणि त्याची आम्हाला लाजही वाटायची. वाद्यवृंदातल्या मुलांना सांगितलं तर ती म्हणतील, वाद्याचा अपमान करता. गल्लीतल्या मुलांना सांगितलं तर ती म्हणतील, व्हायोलिन काय वाजवतोस. आणि काकांना सांगणं तर मनातही नव्हतं. वर जे वाजतं ते संगीत आणि खाली जे वाजतं ते आपलं, अशी आम्हीच आमच्या घराची वाटणी करून टाकली होती.

बाहेरचं जग हळूहळू बदलत होतं. कान्ये वेस्टच्या ‘जीझस वॉक्स’ या गाण्यासाठी इस्रायली व्हायोलिनवादक मिरी बेन-आरीला २००५ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी तिचा ‘द हिप-हॉप व्हायोलिनिस्ट’ आला. तरी ते आम्हाला टीव्हीतलं वाटलं. दुसऱ्या वर्षी दादानं बातमी आणली की जमैकाच्या दोन सख्ख्या भावांचा अल्बम आलाय, तेव्हा मात्र घरात धावपळ झाली.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती, सगळे घरी. ब्रॉडवेवरच्या टॉवर रेकॉर्ड्समध्ये आम्ही पाचही जण गेलो. ती साखळीच बंद होत होती, रॅक अर्धे रिकामे, भिंतीवर शेवटच्या विक्रीचे मोठे पिवळे कागद. शास्त्रीय विभागात शोधलं, हिप हॉपमध्ये शोधलं. शेवटी एका कर्मचाऱ्यानं मागच्या खोक्यातून काढून दिला. कव्हरवर व्हायोलिन घेतलेली दोन मुलं, आपल्या शेजारच्या बसस्टॉपवर दिसतील अशी. ट्रेनमध्ये ताईनं प्लॅस्टिक नखानं सोललं आणि आम्ही आळीपाळीनं आतला कागद वाचला. घरी पोचेपर्यंत सीडी कुणीच वाजवायची नाही, असं ठरलं होतं.

तळघरात ‘थंडर’ लागलं तेव्हा आमच्यापैकी कुणी बोललं नाही. आम्ही लहानपणापासून हिप हॉपमधलं तंतुवाद्य ऐकत आलो होतो, पण ते बहुतेक वेळा जुन्या तबकडीवरून उचललेलं असायचं. चार-आठ मात्रांचा तुकडा, तो पुन्हा पुन्हा फिरायचा. सुंदर असायचा, पण दर फेरीला त्याचा श्वास तोच. इथे ठेका यंत्राचा होता आणि गज माणसाचा. ठेका जागचा हलत नव्हता आणि गज मात्र प्रत्येक फेरीला थोडा जास्त दाबत होता, थोडा उशिरा उतरत होता, मधेच तारेवर खरवडत होता. एक व्हायोलिन धून धरून चाललेलं, दुसरं तिच्या खाली तुटक ठोके देत होतं. आणि फारसे शब्द नव्हते. ‘ब्रोकन सॉरो’ सुरू झालं तेव्हा छकुली हळूच म्हणाली, ‘हे आजीच्या कॅसेटसारखं आहे. गाणारं कुणी नाही आणि तरी गाणं ऐकू येतंय.’ आजीला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. काका खाली आले होते. दादानं आवाज कमी करायला हात पुढे केला, तर काका म्हणाले, ‘राहू दे.’ उसवलेल्या सोफ्यावर बसून त्यांनी डोळे मिटले आणि पूर्ण अल्बम ऐकला. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. संपल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘कडेच्या तारा शाळेच्याच ठेवल्यात यांनी. पण मींड बघ कशी घेतात, बैठकीतल्यासारखी.’ मग दादाकडे वळून म्हणाले, ‘तुमचंही वाजवा की. रोज रात्री खालून येतं ते.’

इतकी वर्षं त्यांना सगळं ऐकू येत होतं. बॉयलरचा पाइप थेट त्यांच्या खोलीतून वर जात होता.

त्या रात्री काकांनी आपलं व्हायोलिन खाली आणलं. सतरंजी अंथरली. दादा उभा, काका बसलेले, ताईचा ठेका. दादाच्या कडेच्या तारा शाळेच्या, काकांच्या कडेच्या तारा सांगलीच्या, आणि दोघांचा सा एकच. पहाटे दोनपर्यंत आम्ही जागे होतो. काकूंनी तीन वेळा चहा केला. आयुष्यात मी पुष्कळ मैफली ऐकल्या, पण संगीत माझ्या घरचं आहे असं मला त्या रात्रीइतकं पुन्हा कधी वाटलं नाही.

२००८ मध्ये एस्कोबार बंधू ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’मध्ये आले तेव्हा आमच्या घरातले सगळे फोन एकदम गुंतायचे. ते तिसरे आले. काकांना त्याचं दुःख झालं नाही. ‘देशभर ऐकलं ना लोकांनी,’ म्हणाले. पुढे ते दोघं भाऊ वेगळे झाले, आपापल्या वाटेनं वाजवू लागले. त्याच सुमारास आमचंही घर रिकामं होत गेलं. दादा अटलांटाला, ताई सिअ‍ॅटलला, छोटा टोरांटोला. घर विकलं. पण ज्या दारातून एस्कोबार बंधू आत आले होते ते दार उघडंच राहिलं. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचे विल बॅप्टिस्ट आणि केव्ह मार्कस, एक व्हायोला आणि एक व्हायोलिन, शाळेच्या वाद्यवृंदात भेटलेले. जॅझ व्हायोलिनवादक स्टफ स्मिथच्या एका अल्बमवरून त्यांनी ‘ब्लॅक व्हायोलिन’ हे नाव घेतलं. २०१५ मध्ये त्यांचा ‘स्टिरिओटाइप्स’ आला आणि २०१९ च्या ‘टेक द स्टेअर्स’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. ते शाळकरी मुलांसाठी दुपारचे खास कार्यक्रम करतात. दादाची मुलगी गेल्या वर्षी तशा कार्यक्रमाला जाऊन आली आणि घरी येऊन म्हणाली, ‘बाबा, तू जे करतोस ते त्यांनी केलं!’ व्हायोलिन आणि ठेका एकत्र असतात यात तिला नवल वाटलंच नाही. तिच्या जगात ते पहिल्यापासून एकत्रच होते. आमच्या तळघराला ज्याची लाज वाटायची, ते तिला जन्मतः मिळालं.

काका २०१९ मध्ये गेले. गेल्या गणपतीत आम्ही पाचही जण दादाकडे जमलो. काकू आता त्याच्याकडेच असतात. आरती झाली, जेवणं झाली आणि नेहमीप्रमाणे रूझवेल्ट अव्हेन्यूचं भांडण निघालं. तेच दोघं होते, नव्हते, मखमल निळं होतं. काकू या भांडणात कधी पडल्या नव्हत्या. मोदकांचं ताट झाकता झाकता त्या म्हणाल्या, ‘कोण होते ते मला नाही ठाऊक. पण त्या रात्री तुम्ही झोपल्यावर मी वाळलेले कपडे आणायला तळघरात गेले, तर हे तिथे उभे राहून वाजवत होते.’

‘उभे राहून?’ दादानं विचारलं.

‘उभे. व्हायोलिन हनुवटीखाली धरून. जमत नव्हतं, सारखं घसरत होतं. कडेच्या दोन्ही तारा फिरवून तुझ्या शाळेसारख्या लावल्या होत्या. मला बघून लाजले. म्हणाले, ती मुलं काय करत होती ते बघत होतो, पोरांना सांगू नकोस. सकाळी उठून परत आपल्यासारखं जुळवून ठेवलं त्यांनी.’

कुणीच काही बोललं नाही. सतरंजीवर मांडी घातलेल्या काकांशिवाय दुसरे काका आम्ही पाहिलेच नव्हते. आम्ही वरच्या मजल्यापासून जे लपवत होतो, ते त्यांनीही एका रात्री त्याच तळघरात, त्याच बॉयलरशेजारी, आमच्यापासून लपवलं होतं. आमच्या त्या अल्बमच्या रात्रीच्या जवळजवळ पाच वर्षं आधी.

दादाच्या मुलीनं कोपऱ्यातली पेटी ओढून आणली. काकांचं व्हायोलिन आता तिच्याकडे आहे. तिनं ते हनुवटीखाली धरलं आणि खुंट्यांना हात घालत विचारलं, ‘कसं लावू? शाळेचं की आजोबांचं?’

‘आधी मधल्या दोन बघ,’ मी म्हटलं.

तिनं छेडल्या. जागेवर होत्या.

दादा म्हणाला, ‘म्हणजे तेच दोघं होते.’

‘कशावरून?’ ताई म्हणाली, आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.